फळ्यावरचा काळा गोल

मंगळवार, दिघा

आज सुपरवायझर सरांनी पॅकिंगच्या फळ्यावर रेखाच्या नावापुढचा कामाचा गोल पूर्ण काळा केला. चारही भाग. माझे अजून तीनच. तीन भाग म्हणजे मशीन एकटीने चालवता येतं, चार म्हणजे दुसऱ्यांना शिकवता येतं. म्हणजे आता ती वरच्या ग्रेडची आणि मी तिथल्या तिथे. एकाच दिवशी कामाला लागलो ना आम्ही? माझी पाकिटं तिच्यापेक्षा साफ निघतात, तुर्भ्याच्या आख्ख्या प्लांटला माहीत आहे.

वर ती मलाच म्हणते, "अगं, तुझा पण होईल पुढच्या वेळी." असं डोकं फिरलं माझं!

सरळ सरांकडे गेले. "माझ्यात काय कमी आहे ते सांगा."

"कमी काही नाही, ताई. मशीन अडलं की बायका कुणाला हाक मारतात, ते मी महिनाभर बघत होतो."

हाक! गोड हसते म्हणून बोलावतात तिला. ह्याला काय स्किल म्हणायचं? भाकऱ्या करतानाही तोच काळा गोल डोळ्यांसमोर. एक करपलीच.

आणि आता हे लिहिता लिहिता आठवलं. काल माझ्या मशीनवर पाकिटांचं सील जळायला लागलं. सर मागेच उभे होते. मी मान वर न करताच ओरडले होते, "रेखा, ये गं जरा!"