पाच पाकळ्या, टोकाला खाच

बाबा,

कोलोरॅडोच्या त्या डोंगरावर, झाडं संपून नुसते खडक सुरू होतात तिथे, तुम्ही एक फूल बघायला चढलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग काही उतरत नाही. "बाबा, तुम्हाला दम लागतोय, खाली चला ना," मी विनवतेय. पण वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक तुम्ही, कसले ऐकताय! माकडटोपी सावरत सरळ खडकावर पालथे पडता. "शेवाळ वाटतंय ना? फसू नकोस. ही बारीक टोकदार पानं बघ, उशीसारखी दाटलेली. देठ जवळजवळ नाहीच. गुलाबी फूल, पाकळ्या पाच, टोकाला खाच. वाऱ्यात टिकायचं म्हणून जमिनीला चिकटून राहतं, मूळ मात्र खोल. मॉस कॅम्पियन! सायलीनी अकॉलिस!" किती लाडानं घेतलंत ते नाव. उठताना छातीवर हात गेला, आणि संपलंच सगळं.

आई खाली पार्किंगमध्ये गाडीत बसली होती, गुडघ्यांमुळे. तिनं एवढंच विचारलं, "शेवटी काय म्हणाले?" काय सांगणार होते मी, कपाळ? म्हटलं, "तुला हाक मारली. नावानं." गवताच्या काडीलाही नावानं ओळखणारे तुम्ही, आईला मात्र जन्मभर नुसतं "अगं", "ऐकलंस का", चारचौघांत "आमची ही". ती रडायची थांबली. "नावानं?" मग इथे अमेरिकेतच, माझ्याकडे अल्फारेटाला राहिली. नातीला पोळी वाढता वाढता सांगायची, "आजोबांनी शेवटी मला नावानं हाक मारली." नात म्हणायची, "आजी, यू टोल्ड मी!" तरी सांगायचीच.

मागच्या महिन्यात आई गेली. आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये माझा हात धरून म्हणाली, "नाव नव्हतं ना गं घेतलं त्यांनी? माहीत होतं मला. पण ऐकायला बरं वाटायचं. आता खरं सांग." सांगितलं सगळं, अगदी फुलाच्या खाचेपर्यंत. "म्हणजे त्या फुलाचं घेतलं," म्हणाली, आणि कूस बदलली.

हे कुठे धाडायचं नाहीच आहे, म्हणून लिहिते. ती जाताना मी ठरवलं होतं, तुम्ही नाही तर नाही, मी घेईन तिचं नाव. तिच्या कानाशी वाकलेही. पण बाबा, माझ्याही तोंडून "आई"च आलं.