ऑर्विलकाकांचा लाल शर्ट

तीर्थरूप ऑर्विलकाकांना,

डेल्बर्टचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मॉडकाकूंचं ब्लडप्रेशर ठिकाणावर असेल अशी आशा आहे. माझं मात्र या लॉजने पार बिघडवलं आहे, आणि शिकारीला इथेच जा असं तुम्हीच सांगितलंत, म्हणून ऐकूनही तुम्हीच घ्यायचं.

गेली अकरा वर्षं थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला भाजलेली टर्की तुम्ही कापता आणि मी रताळी सोलतो, कारण ज्याने हरीण मारलं नाही त्याने सुरीला हात लावायचा नाही, हा तुमचा कायदा. (वर "ससोबा, सालं जाड निघतायत" हेही दरवर्षी.) म्हणून यंदा मी तुमचा तो लाल चौकड्यांचा शर्ट मागून आणला, जो अंगात असताना तुमची गोळी म्हणे जन्मात चुकली नाही.

वाटाड्या म्हणून व्हर्ना पोसी नावाच्या सत्तरीच्या बाई दिल्या. बाईंनी आधी माझा साबण काढून घेतला (हरणाला वास येतो), मग कॉफी बंद केली, मग खोकला. मला पाच तास मचाणावर पुतळ्यासारखं बसवलं आणि स्वतः शेजारी विणत बसल्या. शेवटी एक मोठा शिंगवाला आला. मी नेम धरला, चाप ओढला, आणि गोळी थेट हरणं यावीत म्हणून लॉजवाल्यांनीच टांगलेल्या मक्याच्या पिंपाला लागली. मका भळाभळा सांडला. हरीण पळून गेलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण ते दोन पावलं मागे सरलं, त्याने वर माझ्याकडे बघितलं, आणि ते मका खायला लागलं! मी दुसरी गोळी भरायला गेलो तर बाई म्हणतात, "राहू द्या आता. जेवतोय तो." आपल्या घरात मला जेवताना इतकं कधी कोणी जपलेलं नाही.

नेम चुकला की शर्टाचं शेपूट (म्हणजे पाठीमागचा खालचा भाग) कापून, नाव-तारीख घालून भिंतीवर ठोकायचं, ही इथली रीत तुम्हाला ठाऊक असेलच. मी परोपरीने सांगितलं की शर्ट माझा नाही, वडीलधाऱ्या माणसाचा आहे. कोण ऐकतंय? दहा माणसं हातात रश्श्याच्या वाट्या घेऊन बघायला जमली. याला काय पाहुणचार म्हणायचं? शर्ट धुऊन पाठवतो आहे. मागून आखूड आहे.

तुमचा अपमानित पुतण्या,
डेल्बर्ट

ता. क. कापताना बाईंची कात्री एका शिवणीवर अडली. शर्टाचं शेपूट पूर्वी एकदा कापलेलं होतं आणि दुसऱ्याच लाल कापडाने जोडलेलं होतं. मॉडकाकूंची ती बारीक टीप मी कुठेही ओळखेन.

पुन्हा ता. क. भिंतीवर शेगडीच्या वर, धुराने काळवंडलेला, लाल चौकड्यांचा एक तुकडा आहे. साल १९८९. नाव स्वच्छ वाचता येतं. व्हर्नाबाई म्हणाल्या, "ऑर्विलनेपण पिंपच मारलं होतं."

शेवटचं ता. क. मी कोणाला काही बोललेलो नाही, आणि बोलणारही नाही. यंदा सुरी फक्त माझ्या ताटाशेजारी ठेवा. रताळी तुम्ही सोला, आणि सालं पातळ काढा.