पोहोचल्याचा मिस्ड कॉल

काल आपली नात तुमच्या दारात पोहोचली आणि मला मिस्ड कॉल आला नाही! हे आधी सांगते, मग नमस्कार करते, विहीणबाई.

तेरा वर्षांच्या पोरीला तुम्ही सायकल दिलीत. खाणीच्या रस्त्याने एकटी सोडायला घरात कोणी तयार नव्हतं, म्हणून अट घातली, की तुमच्या घरी पोहोचल्याबरोबर तिने मला मिस्ड कॉल द्यायचा. काल मी फोन मांडीवर घेऊन बसले. वाजेचना. मी लावला, तो तुम्ही उचलला नाहीत. मग गुडघे धरत खाणीच्या वळणापर्यंत गेले. एका ट्रकवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "आजी, सायकलवाली पोर ना? मघाशीच गाणं म्हणत गेली."

गाणं म्हणत! माझ्याबरोबर चालत यायची, तेव्हा ट्रक दिसला की पदरात शिरायची.

घरी आले तर सून, म्हणजे तुमचीच लेक, म्हणते, "अहो आई, ती केव्हाच पोहोचली. मला फोन आला होता. आजी-नात दोघी पत्ते कुटतायत." कुटा! म्हातारीला कोण विचारतंय.

टपालाची पेटी तुमच्याच गावात. म्हणजे हे पत्रही तिच्याच सायकलवरून जाणार, आणि ती वाटेत वाचून हसणार. त्यापेक्षा गादीखाली राहू दे.

तरी लिहायचं ते लिहून ठेवते. सायकल मात्र काढून घेऊ नका. आणि उत्तर तुम्ही द्यायचं नाही. फोन पोरीनेच करायचा, आणि मी उचलेपर्यंत वाजू द्यायचा.

तिची घरची आजी