आवडीची हाडं

सोमवार, ५ फेब्रुवारी १९७९
आवडी दीड वर्साची झाली. अजून चालत नाय. हाडं कच्ची असणार. पोर पांगळी निघाली तर ह्यांना मुंबईला काय कळवू? आजपासून कडेवर घ्यायचीच नाय. खाली ठेवायची. ठरलं.
दुपारी. खाली मुंग्या होत्या. घेतली.

गुरुवार, ८
वरंधच्या सुताराकडनं पांगुळगाडा आणला. येताना डोक्यावर गाडा, कडेवर आवडी. गाडा बेस हाय. अंगण सारवलेलं नव्हतं, म्हणून तिला खाली सोडली नाय. माझी कंबर जरा धरलीय. वारा लागला असंल.

सोमवार, १२
सासू बोलली, हाडवैद्याकडं ने. मी बोलले, नाय, शिकलेला डाक्टरच पायजे. महाडला दवाखान्यात गेले. सगळे हाडांचेच. कुणाचा गुडगा, कुणाची मान, कुणाचा खांदा वर जाईना. सत्तरीची एक म्हातारी मला बघून उठली नि बाकावर जागा दिली. कडेवर पोर बघून दिली असंल.
डाक्टरनं आवडीचे पाय दाबले. तिनं त्याच्या पोटात लाथ घातली. तो बोलला, हिची हाडं माझ्यापेक्षा बरी. मग मला बोलला, सरळ उभी राहा. मी सरळच होते. त्यानं केसपेपरवर आवडीचं नाव खोडून माझं लिवलं. गर्दीत चुकतं माणूस.
"बाई, पोर खाली ठेव. कंबर तुझी गेलीय."
उद्यापासून ठेवते.

शुक्रवार, १६
कोंबडा फार माजलाय, पोरीला टोचंल. सोमवारपासून नक्की.

रविवार, १८
आवडीला घ्यायला वाकले ती तशीच राह्यले. वर येता येईना. सासू आधी हसली, मग शेजारच्या प्रयागबाईला हाक मारली. दोघींनी मला तशीच वाकडी उचलून आत नेली. आता धा दिस पडून राहायचं. आवडीला कोण घेईल? रडले.

सोमवार, १९
आवडी चालली. दारातनं उतरली, अंगण ओलांडून प्रयागबाईच्या घरी गेली. मी बोंब मारली. प्रयागबाई भाकरी थापता थापताच बोलली, "अगो, पंधरा दिस झाले चालतेय. तू पाण्याला गेलीस की सुटते."
सासूलाबी ठावं होतं. मी बोलले, मला का नाय सांगितलंत? ती बोलली, सांगितलं असतं तर उचलली असतीस.

संध्याकाळ. आवडी दारात आली. मी पडल्या पडल्या हात पुढं केले, बोलले, ये गो, घेते. तिनं माझे हात बघितले नि आली तशी मागं पळाली.
हाडं चांगली हायत.