दुसरी पाटली

असल्फा, घाटकोपर
९ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. जानकी हिला गुणाजीचा आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. दशरथरावांचा खोकला गेला, तुझ्या धाकट्या शुभाचे लग्न वैशाखात ठरले, सगळे वाचून बरे वाटले. इकडे मी आणि तुझी ताई आहोत तसेच आहोत.

चांदीच्या पाटल्या मिळाल्या. तुमच्या वाडीतला कंडक्टर स्वतः टेकडी चढून देऊन गेला. त्यांच्यावर चढवायचे सोन्याचे फूलही मिळाले. आधी सगळे तांदळाच्या डब्यात ठेवले होते, पण रात्रभर मला झोप लागली नाही. आता पत्र्याच्या पेटीत आहे आणि किल्ली माझ्या करगोट्याला. हल्ली घरात वस्तू जागेवर राहत नाहीत.

काम अजून सुरू केलेले नाही, रागावू नकोस. कोळसा ओला मिळाला. शेजारी लहान मूल आहे, तेजाबाचा धूर त्यांच्याकडे जातो म्हणून त्याची आई भांडते. शेजारचा अंबादास साकीनाक्याला गिलिटाच्या कारखान्यात आहे. तो म्हणतो, "काका, कशाला डोळे फोडताय? माझ्याकडे द्या. संध्याकाळपर्यंत झकास पिवळ्या करून आणतो. गावाला कोण बघतंय?" मी त्याला म्हटले, "अरे, गिलिट म्हणजे तोंडाला पावडर. आमचा सोन्याचा पत्रा कातडीसारखा बसतो." तो हसला आणि म्हणाला, "पावडर लावूनच लग्नं होतात, काका!"

पण तुमच्या घरची रीत मला ठाऊक आहे. आत आजीची चांदी आणि वर मावशीच्या हातचे सोने. तुझ्या थोरलीच्या लग्नात ताईने केले तसेच शुभालाही मिळेल. काळजी करू नकोस. काळजी करायला मी आहे.

ताईने पत्राखाली दोन ओळी का लिहिल्या नाहीत, म्हणून विचारतेस. तिच्या चष्म्याची काडी मोडली आहे. मागचे पत्र लिहिले तेव्हा ती देवळात गेली होती. तू इकडे यायचे म्हणतेस, पण आता नको. पाणी पहाटे येते, जागा अडचणीची, तुझे हाल होतील. लग्नघर सोडून बाईने येऊ नये.

तुझा,
गुणाजी


असल्फा, घाटकोपर
२ मार्च १९८६

चि. जानकी,

आशीर्वाद. हे पत्र आधी तू एकटी वाच. शुभाला लगेच दाखवू नकोस.

पाटल्यांचे काम काल केले. सगळे नीट सांगतो, म्हणजे तुला वाटणार नाही की मी हयगय केली. तुझ्या आईच्या पाटल्या तापवून चिंचेच्या पाण्यात उकळल्या, पुन्हा तापवल्या, पुन्हा उकळल्या. अंगावर दह्यासारखी पांढरी साय येईपर्यंत ते करावे लागते, नाहीतर सोने धरत नाही. फूल ठोकून ठोकून त्याचा पत्रा केला, श्वास सोडला तर उडेल इतका पातळ. तिथपर्यंत माझे हात अजून चालतात.

पुढचे काम आम्ही दोघे मिळून करत आलो, हे तू लहानपणी पाहिले आहेस. पाटली तव्यावर निखाऱ्यांवर तापते. ताई विझलेल्या उदबत्तीची काडी तव्याला टेकवते, तिचा धूर बघते, वास घेते आणि म्हणते, "आता." ती म्हणाली की मी ओपणीने, म्हणजे घोटायच्या गुळगुळीत दगडाने, पत्रा दाबतो. तिच्या आधी दाबला तर फुगे येतात, नंतर दाबला तर सोने चांदीत उतरते. माझे नाक तेजाबाने कधीच गेले आणि डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. उभ्या जन्मात तिचे "आता" चुकले नाही.

जानकी, तिच्या चष्म्याला काही झालेले नाही. दिवाळीपासून तिचे डोके ठिकाणावर नाही. आधी मीठ दोनदा घालायची. मग नळावर जाऊन परत यायचा रस्ता विसरली, अंबादासने हाताला धरून आणली. डॉक्टर म्हणाले, वयाचे आहे, सांभाळा. कसे सांभाळायचे ते त्यांनी सांगितले नाही. तुला मी लिहिले नाही, कारण लिहिले असते तर ते खरे झाले असते.

काल मी खिडकी लावून घेतली, बागेसरीत कोळसे पेटवून तवा ठेवला आणि तिला नेहमीच्या पाटावर बसवले. हातात काडी दिली. तिने ती पाहिली आणि पदर खोचला. बरोबर खोचला गं, डाव्या बाजूला, नेहमीसारखा. काडी टेकवली, मान कलती केली आणि म्हणाली, "आता." मी दाबले. पत्रा असा बसला की नखाला कड लागत नव्हती. पहिली पाटली पिवळीधमक झाली. मी म्हटले, "रुक्मिणी, बघ!" ती म्हणाली, "बघते काय, दुसरी घ्या, तवा तापलाय." हे शब्द तिचेच होते. दिवाळीनंतर असे बोलली नव्हती. मला वाटले, आली. माझी बायको परत आली.

दुसरीला पत्रा लावून ती तव्यावर ठेवली. ताई काडी हातात धरून बसली होती. मी वाट बघत होतो. तव्याची धग माझ्या गालाला लागू लागली. मला कळत होते की वेळ झाली आहे. इतकी वर्षे काम केलेल्या माणसाला तेवढे कळते. ओपणी हातात होती, दाबायचे तेवढेच राहिले होते. पण मी थांबलो. मला तिच्या तोंडून ऐकायचे होते. मी दाबले असते तर पाटली झाली असती, पण तिच्यावाचून झाली असती.

शेवटी ती बोलली. माझ्याकडे वळून, परक्याशी बोलावे तसे हळू म्हणाली, "तुमचं काम झालं का हो? आमचे हे येतीलच एवढ्यात. त्यांना सगळं ठाऊक असतं."

मी खाली पाहिले तेव्हा पाटली पांढरी होती. पिवळेपण नजरेसमोर चांदीत उतरून गेले होते. सोने कुठे गेलेले नाही, तिच्या अंगातच आहे, पण दिसत नाही. परत काढायचे तर सगळी पाटली तेजाबात विरघळवावी लागेल. तुझ्या आईची पाटली. ते माझ्याने होणार नाही. दुसरा पत्रा करायला सोने नाही आणि असते तरी आता वेळ कोण सांगणार?

आज सकाळी ती पांढरी पाटली रुमालात बांधून अंबादासबरोबर साकीनाक्यापर्यंत गेलो. कारखान्याच्या दारात उभा राहिलो. तो म्हणाला, "द्या ना, काका." माझा हात पुढे झाला नाही. शुभाच्या एका हातात ताईचे काम आणि दुसऱ्या हातात लबाडी, हे मला सहन झाले नाही. दोन्ही आहेत तशा कंडक्टरबरोबर पाठवतो. तुला हवे तर तू गिलिट करून घे. मी तुला नाही म्हणणार नाही.

आणि तू ये. मी नको लिहिले होते ते विसरून जा. पाटल्यांसाठी नको, तिच्यासाठी ये. लग्नाच्या आधी ये, कारण नंतर किती उरेल ते मला माहीत नाही. ती "कोण तुम्ही?" असे विचारेल. तेव्हा तिच्यासमोर रडू नकोस, ती घाबरते.

आता दुपार आहे. ती उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघते आहे. जेवायला हाक मारली तर म्हणते, "जरा थांबा हो, ते आल्याशिवाय मी कशी जेवू?" मी घरात आहे आणि ती दारात माझी वाट बघते आहे. ताट वाढून ठेवले आहे. मला पुढे काय करावे ते समजत नाही.

तुझ्या ताईचा नवरा,
गुणाजी