अर्धा फेरा ढिला

३ फेब्रुवारी, सकाळी साडेसात
वहीबाई, माफ कर. तीन आठवडे तुला हात लावला नाही. कारण गाडी. सव्वीस वर्षांची सोबत, आणि आता रेडिएटरमधलं हिरवं पाणी, म्हणजे कूलंट, गट्ट करते. जातं कुठे, पत्ता नाही. आमच्या हिच्या, म्हणजे बायकोच्या, थोरल्या बहिणीचं ऑपरेशन झालंय. रविवारी आपल्याच गाडीनं भेटायला नेतो, असा हिला शब्द दिलाय. बसनं जाऊ म्हणत होती. छे! मी पाणीपुरवठ्यात बत्तीस वर्षं झडपा उघडल्या-मिटल्या. शिक्षण सातवी, पण पाणी माझ्यापासून लपत नाही. दोन दिवसांत गळती पकडतो.

४ फेब्रुवारी
काल गाडीनं बाजारात जाऊन आलो. आल्यावर गाडीखाली पुठ्ठा पसरला. आज बघतो तर पुठ्ठा ठणठणीत कोरडा, आणि रेडिएटर चार बोटं रिकामा. होजपाइप चाचपले, कोरडे. वॉटरपंप कोरडा. ही म्हणाली, भिजलेत फक्त तुम्ही, घामानं.

५ फेब्रुवारी
पाणी इंजिनात जळत असेल तर धुराला गोडसर वास येतो म्हणे. सायलेन्सरला नाक लावलं. वास नाही. नंतर दूध, औषधं, किराणा, सगळं उरकून आलो. घरी आरशात पाहतो तर नाकाचा शेंडा काळाकुट्ट. ही मला दारापर्यंत सोडायला आली होती! चाळीस वर्षांचा संसार, आणि एक शब्द बोलली नाही.

६ फेब्रुवारी, दुपारी
मेस्त्री घरी आला. वीस वर्षं गाडी त्याच्याच हाती. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून हवा भरली. पंपावरचा दाबाचा काटा पंधरा मिनिटं जागचा हलला नाही. म्हणाला, काका, गळती कुठेच नाही, खुशाल जा. मग टोपण चांगलं करकचून आवळलं. तो चहाला आत वळताच मी हळूच अर्धा फेरा मागे घेतलं. झडप गच्च आवळली की जाम होते, हा खात्याचा पहिला धडा. रोज सकाळी पाणी बघून मी टोपण असंच लावतो. आजकालच्या कारागिरांना कोण शिकवणार?

७ फेब्रुवारी
काल संध्याकाळी गाडीनं बाजारात जाऊन आलो, आज परत चार बोटं कमी. मग मेस्त्री खोटं बोलला. सरळ गॅरेजात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, आमचं पाणी काढून घेतोस का रे, म्हणजे आम्ही परत येऊ? त्यानं पाना खाली ठेवला, हात पुसले. म्हणाला, काका, तुमचं पाणी मी कशाला पिऊ? बस, एवढंच. ज्याला पोटच्या पोरासारखं मानलं, तोच उलटला. हे ऐकून हिनं माझं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः आत जाऊन जेवली. तीही त्याच्याच बाजूची.

८ फेब्रुवारी
उद्या निघणारच. सोबत पाण्याचे दोन कॅन. पुरे.

९ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी
अकराव्या किलोमीटरला चढ लागला. तापमानाचा काटा लाल रंगात, बॉनेटमधून वाफ. ही पिशवी मांडीवर घेऊन रस्त्याकडेच्या दगडावर बसली. आणि मला न विचारता कुणाला फोन केला? मेस्त्रीला! तो स्वतःच्या गाडीनं लगेच हजर. माझ्याकडे बघितलंही नाही. इंजिन गार होईपर्यंत थांबला, मग टोपणाला हात लावला. ते एका बोटानं फिरलं. त्यानं विचारलं, हे रोज कोण लावतं? मी चढाकडे बघत राहिलो. ही म्हणाली, हे.

त्यानं दाखवलं. टोपणाला दोन खाचा. मी पहिल्या खाचेवरच थांबत होतो, म्हणून गाडी तापली की पाणी बाजूच्या बारीक नळीतून रस्त्यावर. उभ्या गाडीखाली पुठ्ठा कसा भिजेल? टोपणावर बाणही काढलाय. मला वाटलं, कंपनीचं चिन्ह.

पाणी भरून त्यानं टोपण दुसऱ्या खाचेत बसवलं. हिनं त्याला विचारलं, मला बहिणीकडे सोडशील का? म्हणाला, बसा काकू. काका, तुम्हीपण चला. मी म्हणालो, मी माझी गाडी टाकून येत नसतो. ही म्हणाली, मग गाडीपाशीच बसा, आणि गेली.

एकटा परत आलो. काटा सगळा रस्ता मधोमध. इतकी गुणी ही गाडी गेल्या वर्षभरात चालली नाही. हिच्यासमोर असं चालायला काय झालं होतं?

१० फेब्रुवारी, सकाळी
पुठ्ठा कोरडा. रेडिएटर काठोकाठ. टोपण फिरवून बघायला हात शिवशिवत होते. नाही फिरवलं.

मेस्त्रीनं दोन खाचांचं आधीच सांगायला हवं होतं. बहुतेक महिन्यापूर्वी हे नवं टोपण बसवलं तेव्हा सांगितलंही असेल. मी त्याला झडपांचं सांगत होतो.

त्याची माफी मागायला जाईन. उद्या. किंवा ही आल्यावर, हिला पुढे करून.

कालपासून फोन वाजला नाही. मी करणार नव्हतो. सकाळी केला, तिनं उचलला नाही. आता मेसेज पाठवतो, आधी इथे लिहून बघतो: अगं, पोचलीस ना? ताई कशा आहेत? गाडी आता एकदम ठीक आहे. न्यायला येऊ का, एवढं तरी लवकर कळव.