पुढच्या दाराने

मी, ओझेला टार्व्हर, शाळाशिक्षिका, राहणार होलोवे बेंड, मिसिसिपी, उद्या पोटातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेला जाणार आहे. त्याआधी पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते की, मी उठले नाही तर पुढीलप्रमाणे करावे.

१. बाबांनी बांधलेले व माझ्या नावावर असलेले घर कोरिंथियामावशीच्या भगिनी मंडळाला कायमचे द्यावे. आमचे रुग्णालय आज त्यातच आहे. पिठाच्या पोत्यांच्या चादरी बायकांनी शिवल्या, खाटा चर्चच्या पुरुषांनी ठोकल्या. माझा भाऊ रूफस म्हणतो, "गोऱ्यांच्या दवाखान्यात आपल्या काळ्या लोकांना तळघरात का होईना, घेतात ना? मग हे खूळ कशाला?" त्याला घरात वाटा नाही. बाबांचे घड्याळ त्याला द्यावे. त्या दिवशी तो गाडीत नव्हता.

२. मी होते. गेल्या वर्षी मार्चमध्ये आईचे पोट भयंकर दुखू लागले. आमच्या वस्तीत आजारी माणसालाही पेटवेकाकांच्या शववाहिकेतूनच न्यावे लागते, दुसरी गाडी इथे येत नाही. आई काकांना म्हणाली, "झोपून नाही जाणार हो. बसूनच जाईन. तुम्हाला उगाच सवय नको."

गोऱ्यांच्या त्या मोठ्या दवाखान्याच्या फाटकात पहारेकऱ्याने हात केला. "मढी मागच्या दाराने."

"साहेब, मी मेले नाही अजून," आई म्हणाली.

ती ताठ बसली होती. त्याच्याकडे बघत होती. आणि तो तिच्याकडे बघूनच म्हणाला, "गाडी मढ्याची आहे ना? मग मागे घ्या."

मागच्या दाराला कुलूप होते. आम्ही ठोठावत राहिलो. परत येताना आई गेली. मी मुलांना वाक्यरचना शिकवते, पण ते वाक्य मला अजून समजलेले नाही. जिवंत माणसाला तोंडावर असे कसे म्हणता येते?

३. त्यानंतर आम्ही हे रुग्णालय उघडले, तरी शस्त्रक्रियेला कोणी येत नाही. दारात पेटवेकाकांची गाडी दिसली की लोक आशा सोडतात. गेल्या महिन्यात वस्तीतली व्हर्डी त्याच गाडीतून इथे बाळंत व्हायला आली, तर शेजारणी तिच्या घरी मयताचे जेवण घेऊन पोहोचल्या. तळलेली कोंबडी, केक, सगळे. व्हर्डीने दुसऱ्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन ते खाल्ले.

म्हणून पहिली मी. उद्या इथे येऊन शस्त्रक्रिया करणारे मेम्फिसचे डॉक्टर ब्लेकनी म्हणाले, "पोरी, गाठ हट्टाने निघत नाही, सुरीने निघते. गोऱ्यांच्या तळघरात सामान जास्त आहे, तिथे जा." मी नाही म्हटले. जोखीम मला ठाऊक आहे.

४. माझी पुस्तके शाळेला द्यावीत.

५. मी गेले तर रुग्णालय एक दिवसही बंद ठेवू नये. मावशीने लोकांना खरे सांगावे: गाठीने मेली, आपल्या माणसांच्या हातांत मेली, आणि तिला कोणी मागे जा म्हटले नाही. मला पुढच्या दाराने बाहेर काढावे, सगळे बघत असताना.

सही: ओझेला टार्व्हर
होलोवे बेंड, ११ ऑक्टोबर १९३८

साक्षीदार:
कोरिंथिया बीमन. (पोरीने जेवून घेतले नाही, हेही लिहा.)
लायनस पेटवे. गाडी दारात आणीन. पण तिला परत नेताना माझ्या शेजारच्या सीटवर बसवून नेईन, म्हणून हे दोन शब्द.